देवळाची दुरुस्ती

प्रत्येक घरास कधीं ना कधीं डागडुजी लागतेच. कौल फुटतें, वासा किडतो, भिंतीस ओल येते. मग घरधनी गवंड्यास बोलावून जें मोडलें असेल तें सांधून घेतो. त्यास फारसा विचार करावा लागत नाहीं. कारण घरांत कोण कोण राहतात, म्हाताऱ्यांची खाट कोठें असावी, मुलांनीं अभ्यासास कोठें बसावें, हें घरच्या सर्वांस ठाऊक असतें. परंतु देवळाची दुरुस्ती काढली म्हणजे मात्र गोष्ट निराळी होते. देऊळ हें कोणा एका कुटुंबाचें घर नव्हे. तें सर्वांचें असतें. आणि जी वस्तु सर्वांची असते तिच्याविषयीं प्रत्येकाची कल्पना वेगळी, प्रत्येकाची आठवण वेगळी, आणि प्रत्येकाची अडचणही वेगळी असते.

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या मंडळीनें आपल्या शंभरांहून अधिक वर्षांच्या जुन्या देवळाची दुरुस्ती केली. त्या कामाच्या समितीवर आमची नेमणूक झाली ती आम्हांस बांधकाम समजतें म्हणून नव्हे. शाळामास्तर आहेत, तेव्हां सभेचें इतिवृत्त तरी शुद्ध लिहितील, एवढ्याच भरंवशावर. परंतु इतिवृत्त लिहितां लिहितां आम्हांस पुष्कळ शिकावयास मिळालें, आणि त्यांतील कांहीं भाग या अंकाच्या वाचकांपुढें ठेवावा असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहों. आमच्या शाळेंत सर्व धर्मांचीं मुलें शिकतात. ज्यांचें या देवळाशीं कांहीं नातें नाहीं त्यांनींही हा लेख ओलांडून पुढें जाऊं नये. कारण आज गांवोगांवीं मंदिरांचे जीर्णोद्धार होत आहेत, मशिदी वाढविल्या जात आहेत, कोरीव पाषाणावर तैलरंगाचे थर चढत आहेत आणि जुन्या फरसबंदीवर गुळगुळीत लाद्या बसत आहेत. हीं कामें करणाऱ्या सर्वांपुढें प्रश्न एकच असतो: ही वास्तु कोणासाठीं?

नव्या करारांत इंग्रजी भाषांतरकार ज्या ठिकाणीं ‘चर्च’ म्हणतात तेथें मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’ असा आहे, आणि त्याचा अर्थ इमारत असा मुळींच नाहीं. एकत्र बोलावलेले, एकत्र जमलेले लोक, असा त्याचा अर्थ. मराठी भाषांतरकारांनीं त्यासाठीं ‘मंडळी’ हा शब्द योजिला, ही आमच्या भाषेवर त्यांची मोठीच कृपा होय. कारण मंडळी म्हटलें म्हणजे माणसेंच डोळ्यांपुढें उभीं राहतात, दगडविटा नव्हेत. आरंभींच्या ख्रिस्ती लोकांस स्वतंत्र देवळें नव्हतींच. ते कोणाच्या तरी घरीं जमत, भाकर मोडीत, प्रार्थना करीत व आपापल्या घरीं जात.

आतां जी गोष्ट सांगतों ती आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. सीरिया देशांत फरात नदीच्या कांठीं दुरा-युरोपोस नांवाचें एक प्राचीन शहर होतें. इसवी सन २५६ च्या सुमारास इराणी सैन्यानें तें घेतलें व पुढें तें ओस पडून मातीखालीं गेलें. १९३२ सालीं तेथें उत्खनन करणाऱ्या पंडितांस एक घर सांपडलें. बाहेरून तें आसपासच्या घरांसारखेंच होतें. परंतु आंत पाहतां असें आढळून आलें कीं दोन खोल्यांमधील भिंत पाडून एक लांबट दालन केलें होतें, त्याच्या एका टोंकास लहानसा ओटा घातला होता, आणि दुसऱ्या एका खोलींत बाप्तिस्म्याचें कुंड बांधून भिंतींवर चित्रें काढिलीं होतीं. ख्रिस्ती उपासनेसाठीं वापरलेल्या, आजवर निश्चित ओळख पटलेल्या घरांत हें सर्वांत जुन्यांपैकीं गणलें जातें. तेथील चित्रें आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहालयांत आहेत. सांगण्याचें तात्पर्य हें कीं हें प्राचीन उपासनागृह मुळांत नवें बांधलेलेंच नव्हतें. ती एका राहत्या घराची दुरुस्ती होती. आणि त्या दुरुस्तीचें मुख्य काम कोणतें, तर लोक मावावे म्हणून मधली भिंत पाडणें!

त्या चित्रांत एक चित्र पक्षाघाती मनुष्याचें आहे. प्रभूनें त्यास बरें केलें व तो आपली बाज पाठीवर घेऊन चालूं लागला, तो प्रसंग तेथें रंगविला आहे. ही कथा पुष्कळांस ठाऊक असेल. कफर्णहूम गांवीं प्रभु एका घरांत उपदेश करीत असतां दाराशीं इतकी दाटी झाली कीं त्या रोग्यास आंत नेण्यास वाट उरली नाहीं. तेव्हां त्याच्या चौघां सोबत्यांनीं छपरावर चढून छप्पर उकरलें व त्यास बाजेसकट खालीं सोडलें. घरधन्यास काय वाटलें असेल तें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. परंतु प्रभु रागावला नाहीं. त्यानें त्या चौघांचा विश्वास पाहिला. इमारतीची मोडतोड एखाद्या माणसास आंत घेण्यासाठीं होत असेल तर ती मोडतोड नव्हे, ती उपासनेचाच भाग होय, असा अर्थ आम्ही या कथेंतून घेतों.

पुढें कॉन्स्टंटाइन बादशहानें इ. स. ३१३ त ख्रिस्ती लोकांस धर्मस्वातंत्र्य दिल्यावर मोठमोठीं देवळें उभीं राहूं लागलीं. पण त्यांचा घाट रोमन लोकांच्या देवळांवरून न घेतां, जेथें न्यायनिवाडे व व्यापार चालत त्या ‘बासिलिका’ नांवाच्या सभागृहांवरून घेतला. कारण मूर्तीच्या गाभाऱ्यापेक्षां लोकांस एकत्र उभें राहण्यास जागा हवी होती. युरोपांत शेंकडों वर्षें सामान्य लोक उपासनेच्या वेळीं बहुशः उभेच असत. देवळाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत बांकांच्या रांगा मांडण्याची चाल धर्मसुधारणेनंतर, म्हणजे लांबलचक उपदेश ऐकणें हा उपासनेचा मुख्य भाग झाल्यावर, सार्वत्रिक झाली. कॅथलिक पंथांत पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयीं जो ठराव केला त्यांत लोकांनीं उपासना नुसती पाहूं नये, तींत समजून-उमजून भाग घ्यावा, या गोष्टीवर भर दिला. त्यानंतर जगभर भिंतीशीं असलेल्या वेद्या पुढें आल्या, धर्मगुरु लोकांकडे तोंड करून उभे राहूं लागले, आणि लॅटिनच्या जागीं लोकांची भाषा आली. आमच्या वसईच्या देवळांतून मराठींत जी मिस्सा होते ती याच बदलाचें फळ होय.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘देऊळ पूर्वापार असेंच होतें’ असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां ‘पूर्वापार’ याचा अर्थ बहुधा आपल्या आजोबांच्या लहानपणापासून एवढाच असतो. उपासना बदलत गेली, माणसें बदलत गेलीं, आणि त्यांच्यामागून इमारतही बदलत गेली.

महाराष्ट्रांतील मिशनांनीं जीं देवळें बांधलीं त्यांपैकीं पुष्कळ परदेशांतील नमुन्यावर बांधलीं. उंच टोंकदार कमानी, निमुळतीं शिखरें, बर्फ घसरून पडावें म्हणून केलेलीं उभट छपरें आमच्या उन्हाळ्याच्या देशांत उभीं राहिलीं. ज्या मिशनरींनीं तीं बांधलीं त्यांचें प्रेम खोटें नव्हतें. त्यांस देऊळ म्हटलें म्हणजे तेंच रूप ठाऊक होतें. परंतु त्याच सुमारास आमचे मराठी ख्रिस्ती लोक टाळ-मृदंगावर भजनें म्हणत होते, कीर्तनें करीत होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं भजनें आजही आमच्या घरोघरीं गाइलीं जातात. कीर्तनास काय लागतें? मध्यें मोकळी जागा, भोंवतीं जाजमावर बसलेले श्रोते, आणि कीर्तनकाराच्या डोळ्यांस डोळा भिडेल इतकें अंतर. खिळ्यांनीं जमिनीस ठोकलेल्या बांकांमध्यें कीर्तनकारानें उभें तरी कोठें राहावें?

हा विचार मोठमोठ्यांच्याही मनांत आला होता. तेलंगणांतील डोर्नकल येथें बिशप अझरिया यांच्या काळांत जें महामंदिर बांधलें गेलें तें पुरें होण्यास कित्येक वर्षें लागलीं व ६ जानेवारी १९३९ रोजीं त्याचें समर्पण झालें. त्यांत दक्षिणेकडील मंदिरांच्या मंडपासारखे खांब आहेत, मुसलमानी पद्धतीचे घुमट व मनोरे आहेत, आणि सर्वांवर क्रूस आहे. तसेंच, १९६९ सालीं भारतांतील कॅथलिक बिशपांच्या विनंतीवरून रोमनें उपासनेच्या वेळीं पादत्राणें बाहेर ठेवणें, जमिनीवर बसणें, मेणबत्त्यांच्या जागीं तेलाचे दिवे लावणें इत्यादि देशी रीतींस मान्यता दिली. आमच्या आजोबांनीं झोंपडींत जें सहज केलें होतें त्यास परवानगी मिळण्यास इतकीं वर्षें लागावीं, याचें हंसूंही येतें व समाधानही वाटतें.

आतां आमच्या देवळाकडे वळूं. काळ्या पाषाणाच्या दोन हात जाडीच्या भिंती, वर मंगळुरी कौलें, पुढें ओसरी, आणि ओसरीस चढण्यास सात पायऱ्या. आंत सागवानी बांकांच्या दोन रांगा, उंच उपदेशपीठ, आणि त्याच्या मागें भिंतीशीं प्रभुभोजनाचें मेज. पूर्वी कौलांखालीं लाकडी तक्तपोशी होती. ती वाळवीनें खाल्ली म्हणून मागील पिढींत काढून सिमेंटचे पत्रे ठोकण्यांत आले व शहाबादी फरशीवर गुळगुळीत लाद्या बसविण्यांत आल्या. मग ओल येते म्हणून एका ठेकेदारानें भिंतींच्या साऱ्या दर्जा सिमेंटनें भरून दिल्या. त्यानंतर ओल दुपटीनें वाढली. शिवाय देवळांत असा घुमारा सुरू झाला कीं पाळकसाहेबांचें एक वाक्य पुरें होण्यापूर्वी त्याचें मागचें वाक्य पुन्हां कानीं येई.

दुरुस्तीचा विषय निघतांच मंडळींत दोन तट पडले. तरुणांचें म्हणणें असें कीं हें जुनाट खोकड पाडून टाकावें, आणि कांचेच्या दर्शनी भिंतीचें, वातानुकूलित, मोठ्या पडद्याचें नवें सभागृह बांधावें. नाहीं तर आमच्या वयाचें कोणी येथें येणार नाहीं. त्यांचें बोलणें निव्वळ धमकीचें नव्हतें. पंधरावीस तरुण खरोखरच रविवारीं दुसरीकडे जाऊं लागले होते. वृद्धांचें म्हणणें असें कीं एका खिळ्यासही हात लावूं नये. या बांकावर आमची आई बसत असे, या मेजापुढें आमचें लग्न लागलें. हेंही खरेंच होतें. दोन्ही पक्ष प्रार्थना करून सभेस येत व भांडून घरीं जात.

अशा एका सभेंत पाळकसाहेबांनीं ओसरीवर बसलेल्या एका आजीबाईंस त्यांचें मत विचारलें. या आजीबाई पूर्वी दवाखान्यांत सुईण होत्या. आज सभेस बसलेल्यांपैकीं निम्मे लोक त्यांच्याच हातून जगांत आलेले. गुडघ्यांनीं दगा दिल्यापासून त्यांस सात पायऱ्या चढवत नसत. म्हणून पंचांनीं खालीं अंगणांत, झाडाच्या सावलीस, त्यांच्यासाठीं खुर्ची ठेविली होती व प्रभुभोजनाची भाकर कोणी तरी तेथें नेऊन देत असे. त्या दिवशीं दोघां मुलांनीं त्यांस खुर्चीसकट उचलून ओसरीवर आणिलें होतें. मंडळीची अशी समजूत होती कीं आजींची व्यवस्था उत्तम आहे. आजीबाई म्हणाल्या, “पाळकसाहेब, भाकर मला बाहेर आणून मिळते, त्याबद्दल तुमचे सर्वांचे उपकार आहेत. पण ती मोडतांना मी आठ वर्षांत पाहिली नाहीं.”

आम्हीं तें वाक्य इतिवृत्तांत जसेंच्या तसें लिहून ठेविलें. त्यानंतर त्या सभेंत फारसें कोणी बोललें नाहीं. परंतु पुढच्या सभेपासून प्रश्नाचें रूपच पालटलें. जुनें कीं नवें, हा वाद मागें पडला; आणि देवळांत येऊन उपासनेंत भाग घेण्यास कोणास काय आड येतें, याची यादी करावयाची असें ठरलें. यादींत प्रथम पायऱ्या, दुसरा घुमारा, तिसरी ओल, चौथीं बांकें, आणि पांचवा, तरुणांच्या आग्रहावरून, पडदा.

पायऱ्यांचा हिशेब आम्हीं आमच्या आठवीच्या वर्गास घातला. सात पायऱ्या, प्रत्येक सहा इंच. म्हणजे उंची बेचाळीस इंच. चाकांची खुर्ची सुखानें चढावी म्हणून जो उतार करावयाचा त्याचें प्रचलित प्रमाण एकास बारा, म्हणजे एक इंच चढावयास बारा इंच लांबी. मुलांनीं गणित मांडलें: पांचशें चार इंच, अर्थात् बेचाळीस फूट. “गुरुजी, एवढा लांब!” असें एक मुलगा उद्गारला. होय, इतका लांब. कारण तो आंखूड केला तर खुर्ची ढकलणाऱ्यास धाप लागते व उतरतांना ती हातची सुटते. पुढील दाराशीं तेवढी जागा नव्हती. म्हणून देवळाच्या दक्षिण बाजूनें, मध्यें एक वळण व वळणावर विसाव्याची सपाट जागा ठेवून, तो बांधिला. कित्येकांची सूचना अशी होती कीं मागील दारानें न्यावा, म्हणजे दर्शनी शोभा बिघडणार नाहीं. पंचांनीं ती मान्य केली नाहीं. ज्यांस पायऱ्या चढवत नाहींत त्यांनीं चोरवाटेनें यावें, असें प्रभूच्या घरीं असूं नये. आतां तो उतार व पायऱ्या एकाच ओसरीवर येऊन मिळतात.

घुमाऱ्याचें कारण समजून घेण्यासाठीं आम्ही दहावीच्या कांहीं विद्यार्थ्यांस रिकाम्या देवळांत घेऊन गेलों. एकानें टाळी वाजवावी व दुसऱ्यानें घड्याळ लावून ती किती वेळ ऐकूं येते तें मोजावें, असा प्रयोग केला. टाळीचा नाद तीन सेकंदांहून अधिक वेळ रेंगाळत होता. मनुष्य भरभर बोलतो तेव्हां एका सेकंदांत तीनचार अक्षरें सहज जातात. मग पहिलें अक्षर विरण्यापूर्वी दहा अक्षरें त्यावर येऊन आदळलीं तर ऐकणारानें काय समजावें? या विषयाचें शास्त्र अमेरिकेंतील वॉलेस सॅबाइन नांवाच्या प्राध्यापकानें १८९५ पासून घातलें. हार्वर्ड विद्यापीठांतील एका व्याख्यानगृहांत बोललेलें कांहींच समजत नसे. तेव्हां त्यानें रात्रीं जवळच्या नाट्यगृहांतील गाद्या आणून एकेक मांडीत आवाज किती वेळ टिकतो तें मोजलें. जागा जितकी मोठी तितका घुमारा अधिक, आणि आवाज शोषून घेणारे पदार्थ जितके अधिक तितका तो कमी, असा नियम त्यास सांपडला. माणसें व त्यांचे कपडेही आवाज शोषितात. म्हणून भरलेल्या देवळांत उपदेश जितका स्पष्ट ऐकूं येतो तितका अर्ध्या रिकाम्या देवळांत येत नाहीं.

आमच्याकडे लाकडी तक्तपोशी गेली, सिमेंटचे पत्रे आले, गुळगुळीत लाद्या आल्या. आवाज शोषणारें कांहीं उरलें नाहीं. त्यावर उपाय म्हणून दोन मोठे कर्णे लावण्यांत आले होते. पण आवाज मोठा केला म्हणजे घुमाराही तितकाच मोठा होतो. अखेर पत्रे उतरवून पुन्हां लाकडी फळ्यांची तक्तपोशी केली, आणि कर्ण्यांच्या जागीं खांबांवर लहान लहान ध्वनिक्षेपक, श्रोत्यांच्या जवळ व हळू आवाजांत, बसविले. आतां पाळकसाहेबांस ओरडावें लागत नाहीं. आणि मनुष्य ओरडेनासा झाला म्हणजे त्याच्या बोलण्यांतील गोडी ऐकणारास कळूं लागते.

ओलीचें कारण एका वृद्ध गवंड्यानें आम्हांस समजावून दिलें. चुन्याच्या दर्जांतून भिंत श्वास घेते; पावसाळ्यांत आंत शिरलेलें पाणी उन्हाळ्यांत त्याच वाटेनें वाफ होऊन निघून जातें. सिमेंटनें ती वाट बंद केली म्हणजे तें पाणी आंतल्या बाजूस येतें व गिलाव्याचे पोपडे पाडतें. चांगल्या हेतूनें केलेली दुरुस्ती अपाय कसा करते याचें मोठें उदाहरण गोव्यांत आहे. जुन्या गोव्यांतील बॉं जेझूचें देऊळ १५९४ त बांधावयास घेतलें व १६०५ त त्याचें समर्पण झालें. संत फ्रान्सिस झेवियरचें शव तेथेंच आहे. त्याच्या जांभ्या दगडावर चुन्याचा गिलावा होता. १९५० नंतरच्या दशकांत एका पोर्तुगीज वास्तुशास्त्रज्ञानें, दगड उघडा असला म्हणजे देऊळ अधिक प्राचीन दिसेल या समजुतीनें, बाहेरचा गिलावा काढविला. जांभा हा सच्छिद्र दगड. गोव्याच्या पावसानें तो झिजूं लागला, आणि आज तेथील गिलावा पुन्हां चढवावा अशी मागणी होत आहे. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांस लाल दगड सुंदर दिसतो यांत संशय नाहीं. पण इमारतीचें अंगरखें काढून तिला पावसांत उभें करण्यांत शहाणपण कोणतें? आमच्या देवळाच्या दर्जांतील सिमेंट छिन्नीनें कोरून काढण्यास व चुना भरण्यास दोन उन्हाळे लागले. दोन पावसाळे गेल्यावर भिंती कोरड्या झाल्या.

बांकांचा प्रश्न सर्वांत अवघड निघाला. कित्येक बांकांच्या पाठीवर कोणाच्या तरी स्मरणार्थ म्हणून पितळी पट्ट्या लावलेल्या होत्या. पट्टी म्हणजे नुसतें पितळ नव्हे. दुष्काळाच्या सालीं पोटास चिमटा घेऊन कोणी तरी तें बांक दिलेलें असतें. अखेर ठरलें तें असें: मागील बांकें तशींच ठेवावीं, परंतु जमिनीस ठोकूं नयेत, पुढील चार रांगा काढून तेथें जाजम घालावें, काढलेलीं बांकें ओसरीवर व सभेच्या खोलींत वापरावीं, आणि पट्ट्या जागच्या जागीं राहूं द्याव्या. प्रभुभोजनाचें मेज भिंतीपासून पुढें आणिलें, तें मोकळ्या जागेच्या कडेशीं. आतां सणाच्या दिवशीं तेथें कीर्तन होतें, मुलें मांडी घालून पुढें बसतात, आणि खुर्चीची सोय मध्येंच होते, कडेला नव्हे. दोन कुटुंबांस हा फेरफार अजूनही रुचलेला नाहीं, आणि त्यांपैकीं एक कुटुंब आमच्या उपासनेस येत नाहीं, हें येथें नमूद करणें प्रामाणिकपणाचें होईल.

पडद्याविषयीं तरुणांशीं पुष्कळ बोलणें झालें. ज्यांची दृष्टि अधू आहे त्यांस गीताचीं अक्षरें मोठीं दिसतात, हातांत पुस्तक नसल्यामुळें टाळी वाजवितां येते, नवख्या माणसास पानें चाळीत बसावें लागत नाहीं. हे सर्व मुद्दे रास्त होते. परंतु पडदा क्रुसाच्या पुढें टांगावा ही सूचना मात्र त्यांच्यापैकींच एका मुलीनें मोडून काढिली. ती म्हणाली, “वीज गेली म्हणजे आपण काय काळ्या कापडाकडे पाहून प्रार्थना करावयाची?” पडदा बाजूच्या भिंतीवर लागला, आणि गीतपुस्तकेंही बांकांवर राहिलीं. दुसरीकडे गेलेल्या तरुणांपैकीं कांहीं परत आले, सर्व आले नाहींत.

जुनें पाडावें कीं राखावें, या पहिल्या वादाविषयीं बोलतांना आमच्या मनांत नेहमीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहराचें उदाहरण येतें. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं जर्मन विमानांच्या बाँबवर्षावांत तेथील मध्ययुगीन महामंदिर जळालें. बाहेरच्या भिंती व उंच शिखर तेवढें उरलें. नव्या मंदिराच्या आराखड्यांची स्पर्धा होऊन १९५१ सालीं बेसिल स्पेन्स या वास्तुशास्त्रज्ञाची योजना निवडली गेली. त्यानें भग्न भिंती पाडल्या नाहींत, आणि त्यांची नक्कलही केली नाहीं. त्या तशाच ठेवून त्यांस लागून नवें मंदिर उभारिलें, आणि दोहोंच्या मध्यें कांचेची प्रचंड भिंत घातली. २५ मे १९६२ रोजीं त्याचें समर्पण झालें. आज तेथें उपासनेस बसलेला मनुष्य मागें वळला तर कांचेंतून त्यास जळालेल्या भिंती दिसतात. जें झालें तें लपविलें नाहीं, आणि त्यांतच अडकूनही पडले नाहींत. आमचें देऊळ कोठें आणि तें कोठें! तथापि आमच्या भिंतींच्या एका कोपऱ्यांत आम्हींही हातभर जुना गिलावा, त्यावरील निळ्या रंगाच्या वेलबुट्टीसह, मुद्दाम तसाच राखला आहे. लहान मुलें तेथें बोट लावून पाहतात.

उतार पुरा झाला त्यानंतरच्या रविवारीं आजीबाई चाकांच्या खुर्चींतून आंत आल्या व मेजाजवळ बसल्या. उपासना संपल्यावर सर्वांस वाटलें कीं आतां त्या कांहीं कृतज्ञतेचे शब्द बोलतील. परंतु त्यांनीं पाळकसाहेबांस जवळ बोलावून तक्रार केली कीं डोक्यावरील पंख्याचा आवाज फार होतो, त्यामुळें प्रार्थना नीट ऐकूं येत नाहीं. आम्हीं ती तक्रार त्याच आठवड्यांत समितीच्या वहींत नोंदविली. आम्हांस तर ती मानपत्रापेक्षां मोलाची वाटली. कारण अंगणांत बसलेल्या माणसास पंख्याची तक्रार करितां येत नाहीं. ज्याचें घर आहे तोच घराविषयीं कुरकुर करतो.

प्रिय विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कोणी पुढें स्थापत्यशास्त्र शिकेल, कोणी ठेकेदार होईल, कोणी गांवच्या मंदिराच्या, मशिदीच्या किंवा देवळाच्या समितीवर बसेल. त्या वेळीं नकाशे पाहण्यापूर्वी एक दिवस दाराबाहेर उभे राहा, आणि आंत येतांना कोण अडतो, आंत येऊनही कोणास ऐकूं येत नाहीं, कोण मागच्या मागें परत जातो, तें पाहा. चुना व सिमेंट, उतार व तक्तपोशी यांचें ज्ञान पुस्तकांतून मिळतें. पण तें कोणासाठीं वापरावयाचें हें पुस्तक सांगत नाहीं. सुज्ञ पालकांसही आमची विनंती आहे कीं अशा सभांस आपल्या मुलांस बरोबर न्यावें. मोठी माणसें एकमेकांशीं मतभेद ठेवूनही एका छपराखालीं कशीं बसतात हें मुलांनीं पाहिलें म्हणजे तीं पुढें त्याच छपराची काळजी घेतील.

पंख्याची दुरुस्ती अद्याप व्हावयाची आहे. त्यासाठीं वर्गणी सुरू आहे. आणि ज्यांस ती द्यावीशी वाटेल त्यांनीं रविवारीं दक्षिणेकडील उतारानें आंत यावें, म्हणजे तो किती सुखाचा आहे हें त्यांस चालूनच कळेल.